आर्डिस टॉलेफसनचे एकोणीस मुके दिवस

आर्डिस टॉलेफसन गप्प बसणार आहे, ही बातमी हॅवर रिज या आमच्या डोंगरधारेवरच्या गावात लग्नाच्या बातमीसारखी फिरली, आणि कुणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. तिच्या लग्नाची बातमीही चाळीस वर्षांत तीनदा उठली होती आणि तिन्ही वेळा खोटी निघाली होती.

बाई अडुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली आणि मागे चाळीस पोरं धुडगूस घालत असताना, मान न वळवता, नुसत्या आवाजावर त्यांना जागेवर बसवलं. बसमधला माइक तिने पहिल्याच आठवड्यात काढून हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. "हा कुणा अशक्ताला द्या," म्हणाली. चर्चच्या गायनात ती दोन रविवार टिकली. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी फार गोड शब्दांत सांगितलं, की खाली स्वयंपाकघरात मदतीची जास्त गरज आहे. आर्डिस खाली गेली आणि बशा विसळता विसळता तिथून गायली. तळघरातला आवाज वर वेदीपर्यंत पोचतो, हे त्या दिवशी सगळ्या मंडळींना कळलं. पुढे खडीच्या खाणीवाले टेकडी फोडायची परवानगी मागायला टाउनशिपच्या सभेत आले, तेव्हा ती उठून बोलायला लागली ती पाऊण तास बोलत राहिली. शेवटी अध्यक्षांना घरी जाऊन गुरांचं बघायचं होतं म्हणून मतदान पुढे ढकललं गेलं. ते अजून ढकललेलंच आहे.

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असं म्हणतात. आर्डिसने आयुष्यभर गहूच विकले, पण असे ओरडून, की लोकांना ती मातीच वाटावी. आमची माणसं मुळात मितभाषी. थंडी पडली तर "गारठा आहे जरा" म्हणणारी, घर जळालं तर "ऊब मिळाली" म्हणणारी. त्यांच्यात ही बाई म्हणजे चुकून आलेलं पार्सल.

सप्टेंबरच्या अखेरीला चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्यांचं जेवण होतं. जेवणं आटोपत आल्यावर रसेल पाइक नावाचा एक उंच, वाऱ्याने चेहरा रापलेला माणूस उभा राहिला. तो पक्ष्यांच्या मोहिमेचा प्रमुख आणि मुख्य वैमानिक. विस्कॉन्सिनच्या उत्तरेच्या दलदलीत त्याच्या लोकांनी पांढऱ्या क्रौंचांची आठ पिल्लं वाढवली होती. या जातीचे पक्षी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेले. हिवाळ्यात दक्षिणेला जायचा रस्ता पिल्लाला आईबाप दाखवतात, आणि या आठांना आईबापच नव्हते. म्हणून माणसं पुढे पतंगासारख्या हलक्या विमानात बसायची आणि पिल्लं त्यांच्यामागून उडायची, मुक्काम करत करत थेट फ्लोरिडापर्यंत. ज्या शेतावर दर वर्षी त्यांचा दुसरा मुक्काम पडायचा ते शेत विकलं गेलं होतं. दोन-तीन दिवसांपुरतं, रस्त्यावरून न दिसणारं कुरण हवं होतं.

"अट एकच," रसेल म्हणाला. "पक्ष्यांच्या कानावर माणसाचा आवाज पडता कामा नये. एक शब्दही नाही. माणूस आपला आहे असं त्यांना वाटलं की ते अंगणात येतात, रस्त्यावर येतात, बंदुकीसमोर येतात. मग संपलंच."

तळघरातल्या सगळ्या माना हळूहळू आर्डिसकडे वळल्या. टेकडीआडचं सगळ्यात चांगलं कुरण तिचंच होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शेजारचा ओर्लिन ब्रेके खाकरला. हा तिच्या वर्गातला, बांधाला बांध लागून शेत, आणि साठ वर्षांपासून तिची खोडी काढायचा मक्ता त्याच्याकडे. "कुरण झकास आहे हो," तो रसेलला म्हणाला. "पण मालकिणीला फ्लोरिडाला पाठवून पक्षी इथेच ठेवले तर सोपं पडेल."

तळघर हसलं. मितभाषी माणसं हसतात तेव्हा फार जोरात हसतात. आर्डिसने हातातली बशी खाली ठेवली.

"कुरण माझं आणि तोंडही माझं," ती म्हणाली. "दोन्ही दिली. घेऊन या तुमची पोरं."

खरं सांगायचं तर तेव्हा तिला पक्ष्यांचं काही नव्हतं. ओर्लिनच्या नाकावर टिच्चून करून दाखवायचं, एवढंच होतं.

नऊ ऑक्टोबरला सकाळी ते आले. आधी इंजिनांची गुणगुण, मग तीन विमानं, आणि मधल्या विमानाच्या पंखामागे एका ओळीत आठ पक्षी. दालचिनीच्या रंगाचे, अधूनमधून पांढरं पीस फुटलेलं, पाय मागे ताणलेले. आर्डिस गोठ्याच्या दारात उभी होती. तिचं तोंड उघडलं, आणि ती अट आठवून तिने ते हाताने दाबून धरलं.

कुरणात जाळीचं कुंपण ठोकलं गेलं. जवळ जाणाऱ्या प्रत्येकाने पांढरा घोळदार अंगरखा घालायचा, चेहरा झाकणारी टोपी घालायची, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरायची आणि खायला द्यायचं ते तिच्या चोचीतून. पक्ष्यांना नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर, आणि ओळखायला प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगांचे पट्टे. पिल्लांची देखभाल कोरीन नावाच्या मुलीकडे होती. पोरगी सव्वीस वर्षांची, ओहायोची, आणि इतकी हळू बोलायची की अंगरखा नसतानाही तिचा आवाज ऐकू येत नसे.

"शिंक आली तर?" आर्डिसने पहिल्याच दिवशी विचारलं.

"गिळायची," कोरीन म्हणाली.

"ठेच लागली तर?"

"मिस टॉलेफसन, मला गेल्या वर्षी गांधीलमाशी चावली होती. टोपीच्या आत."

"मग?"

"मग काही नाही."

आर्डिसने त्या पोरीकडे नव्या आदराने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. पहाटे सगळे उठले, आणि खांबावरची वाऱ्याची नारिंगी पिशवी उत्तरेकडे ताठ उभी होती. वारा दक्षिणेकडून, म्हणजे थेट तोंडावर. ती हलकी विमानं असल्या वाऱ्यात जागच्या जागी तरंगत राहतात आणि पक्षी दमून खाली उतरतात. रसेलने मान हलवली आणि विमानं परत झाकली गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पाऊस. पाचव्या दिवशी धुकं इतकं, की गाईंना पाण्याची टाकी सापडेना. सहाव्या दिवसापासून पुन्हा दक्षिणेचा वारा लागला तो काही केल्या उठेचना.

दहा माणसांचा तो तांडा अंगणात गाड्यांमध्ये राहायला होता. आर्डिस त्यांना हरणाच्या मांसाचं सॉसेज, बटाटे आणि चीज घातलेला हॉटडिश असं दाबून खाऊ घालायची. रोज पहाटे ती माणसं पिशवीकडे बघत उभी राहायची आणि पिशवी त्यांना ठेंगा दाखवायची. रसेल तर वाऱ्याचा अंदाज दिवसातून वीसदा बघायचा.

"त्या यंत्रात काय बघता?" आर्डिस म्हणायची. "बाहेर या. वारा इथे आहे."

"उद्या पडेल असं दिसतंय."

"परवाही उद्या पडणार होता. हा वारा माझ्या भावासारखा आहे, मिस्टर पाइक. उठतो उठतो म्हणतो आणि खुर्ची सोडत नाही."

तिला स्वतःला मात्र भलताच त्रास व्हायला लागला होता. कुरणापासून घर अर्ध्या मैलावर, पण तिचा आवाज म्हणजे अर्धा मैल काहीच नाही. म्हणून ती अंगणातसुद्धा कुजबुजायची. बोलणं आत साचत चाललं. आठव्या दिवशी तिने पिकअप काढला, दोन मैल पलीकडे, ओर्लिनच्या शेताच्या दुसऱ्या टोकाच्या माळावर गेली, खाली उतरली आणि दक्षिणेकडे तोंड करून वाऱ्याला दहा मिनिटं अशा शिव्या घातल्या की ओर्लिनचं कुत्रं ट्रॅक्टरखाली जाऊन बसलं.

"हरलीस का?" ओर्लिन कुंपणावरून म्हणाला.

"इथे पक्षी नाहीत. फक्त तू आहेस. नियम वाच."

मग रोज दुपारचा तो कार्यक्रमच झाला. आणि गंमत म्हणजे नियम ती अक्षरशः पाळत होती. कोरीनने तिला अंगरखा दिला, बाहुलीतून द्राक्षं भरवायला शिकवलं. पक्षी तिच्या खांद्याएवढे. सहा नंबरचा नर सगळ्यात आगाऊ. तो तिच्या टोपीची नाडी ओढायचा, सोडायचा, मान वाकडी करून टोपीच्या जाळीतून आत बघायचा. त्याचा पिवळट डोळा तिच्या डोळ्यापासून वीतभर लांब असायचा, आणि जिने आयुष्यात कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, ती बाई मूग गिळून उभी राहायची. एका संध्याकाळी ती परत आली आणि अंगरखा काढता काढता रडली. "ह्याला सांगावंसं वाटतं काहीतरी," ती कोरीनला म्हणाली. "आणि सांगायचं नाही हेच त्याच्या भल्याचं. कसला धंदा आहे हा तुमचा!"

सतराव्या दिवशी मोहिमेच्या ऑफिसातून फोन आला. थंडी पुढे सरकत होती आणि वेळ हातात नव्हता. रविवारी सकाळी उडाले तर ठीक, नाहीतर पक्षी खोक्यांत भरून ट्रकने पुढच्या तीन मुक्कामांपलीकडे न्यायचे.

आर्डिसने रसेलच्या हातातून फोन घेतला.

"ट्रकमधून नेलेल्या पक्ष्याला रस्ता कळतो का?" तिने विचारलं.

पलीकडचा माणूस म्हणाला, की तेवढा तुकडा त्यांना माहीत होणार नाही, पण एकंदरीत पाहता...

"म्हणजे वसंतात परत येताना त्या तुकड्यापाशी आल्यावर काय करायचं त्यांनी? चौकशी करायची? हे बघा, माझ्या या अंगणातून ट्रकमध्ये भरून बत्तीस गाई गेल्या एके काळी. एकही परत आलेली मी पाहिली नाही. इथून हे पक्षी पंखांवर जातील. तुमचा ट्रक आला तर माझ्या फाटकाला कुलूप असेल आणि कुलपाला टेकून मी उभी असेन."

रसेलने फोन परत घेतला, पण पहिल्यांदाच तो हसला होता.

रविवार उजाडला तो कडक गारठ्याचा. गवतावर पांढरं हिव पडलेलं. साडेसहाला पिशवी खांबाला चिकटून खाली लोंबत होती. एकोणीस दिवसांनी वारा मेला होता. रसेलने हात वर केला. नऊनंतर दक्षिणेचा वारा पुन्हा उठणार होता. मिळणार होते ते दोन-अडीच तास.

इंजिनं सुरू झाली. दोन माणसांनी जाळी उघडली, आठही पक्षी पंख पसरत धावले आणि विमानामागे उठले. विमानं गोठ्यावरून गेली. आर्डिसच्या नऊ गाई बिथरल्या आणि जुनं कुंपण तोडून डांबरी रस्त्याकडे सुटल्या. ती आपली जन्मभराच्या सवयीने गोठ्याच्या पायरीवर चढली आणि हाक दिली:

"कम, बॉ-ओ-ओस! कम, बॉस!"

आमच्याकडे गाईला 'बॉस' म्हणून अशीच हाक मारतात. तिची आई अशीच मारायची, आणि आईची आईही. गाई थबकल्या आणि वळल्या. आणि वर, आकाशात, पक्ष्यांच्या ओळीतले शेवटचे तीन पक्षीही वळले. ओळ तुटली. पाच पुढे गेले आणि तिघं गोल फिरून, पाय खाली सोडत, कुरणात परत उतरले.

कुणाला काही कळेना. पाच पक्षी घेऊन दोन विमानं पुढे गेली. रसेल एकटा मागे फिरला. त्याने तिघांना पुन्हा वर घेतलं. टेकडीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा घेतलं, पुन्हा परत. कोरीन आणि आणखी एक माणूस तपकिरी ताडपत्री अंगावर घेऊन गवतात लपले होते. उतरणाऱ्या पक्ष्यांना दचकवून वर पिटाळायची ती त्यांची नेहमीची युक्ती. दोघं ताडपत्री फडफडवत उठले. पण तीच ताडपत्री एकोणीस दिवस दाण्याच्या गाडीवर पसरलेली होती. पक्षी तिच्याकडे धावतच आले. सव्वाआठ वाजून गेले होते. फाटकाबाहेर, रिजवरच्या बघ्यांच्या मागे, खोक्यांचा ट्रक येऊन उभा होता, आणि ऑफिसचा माणूस घड्याळ बघत होता.

आर्डिस गाई आत घालून कुरणाच्या कडेपर्यंत आली होती. तिने पाहिलं, की तीन पक्षी कुंपणाला चिकटून उभे आहेत आणि तिघांच्याही चोची गोठ्याकडे आहेत. ते वाट बघत होते. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

रोज संध्याकाळी पाचला ती गाईंना हाक मारायची. रोज संध्याकाळी पाचलाच कोरीन पक्ष्यांना दाणा घालायची. एकोणीस दिवस. तिने शिंका गिळल्या होत्या, अंगणात कुजबुजली होती, दोन मैलांवर जाऊन शिव्या घातल्या होत्या. हाक मात्र तिने एकदाही चुकवली नाही. तिच्या, ओर्लिनच्या, रिजवरच्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही, की गाईला मारलेली हाक म्हणजेही माणसाचा आवाज. आम्ही ते बोलणं धरतच नाही. ते आमच्या लेखी वाऱ्यासारखं असतं. आणि परगावाहून आलेल्या रसेलच्या माणसांनाही ते तसंच वाटलं, कारण आम्ही कुणीच त्याकडे मान वळवत नव्हतो.

तिच्याच तोंडाने ते पक्षी या कुरणाला बांधले गेले होते.

ती थांबली नाही. अंगरखा नाही, टोपी नाही. अंगात लाल चौकड्यांचं जाकीट, पायात शेणाने माखलेले बूट आणि हातात दुधाची रिकामी बादली. दुखऱ्या खुब्यावर लंगडत ती सरळ कुरणात शिरली. कोरीनला ती दिसली. त्या पोरीला ओरडता येईना. ती हातातली बाहुली जिवाच्या आकांताने हलवत राहिली. नाही, नाही, मागे जा.

"बाजूला हो, पोरी," आर्डिस म्हणाली. कुरणात एकोणीस दिवसांत उच्चारला गेलेला तो पहिला शब्द होता.

आणि मग तिने आवाज सोडला. बसमधला, सभेतला, तळघरातला, सगळा. बादलीवर मूठ बडवत ती त्या पक्ष्यांवर धावून गेली.

"चालते व्हा! चालते व्हा इथून! हे घर नाही तुमचं! मी कुणी नाही तुमची! माणूस आहे मी, माणूस! नीट बघून घ्या! असा दिसतो माणूस, असा ओरडतो! दिसला की पळायचं, ऐकलात? पळायचं!"

दोघं उडाले. भेदरून, आडवेतिडवे, पण उडाले. वर रसेलचं विमान घिरट्या घालत होतं, त्याच्या पंखाला जाऊन लागले.

सहा नंबर उडाला नाही. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. या आवाजामागून दाणा येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मान वाकडी केली आणि एक पाऊल तिच्याकडे टाकलं. मग दुसरं.

"नको रे," आर्डिस पुटपुटली. आणि तिने बादली फेकली.

बादली त्याच्या पंखाच्या टोकाला लागली आणि दोन पिसं गळून पडली. पक्षी किंचाळला, तीन ढांगांत धावला आणि वर गेला. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. ती मात्र तो ठिपका होऊन टेकडीपलीकडे जाईपर्यंत ओरडतच राहिली, घसा फाटेस्तोवर. खांबावरची पिशवी हळूच हलायला लागली होती. नऊला दहा कमी होते, आणि ट्रकमधली खोकी रिकामी होती.

याचं कौतुक झालं असेल असं वाटत असेल तर तुम्ही ऑफिसं पाहिलेली नाहीत. संध्याकाळी पुढच्या मुक्कामावरून रसेलचा फोन आला. तो चिडलेला होता, आणि त्याचंही चूक नव्हतं.

"पक्षी सुखरूप आहेत," तो म्हणाला. "पण तुम्ही काय करून ठेवलंत हे तुम्हालाही माहीत नाही, मिस टॉलेफसन. एकोणीस दिवस त्यांनी तुमची हाक ऐकली आणि दाणा खाल्ला. एक सकाळ ओरडा ऐकला. त्यातलं त्यांच्या डोक्यात काय राहील? तो सहा उद्या कुणा शिकाऱ्याच्या अंगणात हाकेसरशी उतरला, तर?"

आर्डिसने फोन ठेवून दिला. तो प्रश्न तिच्या मनात आधीच होता.

नोव्हेंबरात पत्र आलं, की पुढच्या वर्षी मोहीम दुसरं कुरण शोधेल. रिजवर बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळघरातल्या जेवणात कुणीतरी म्हणालंच, "शेवटी राहवलं नाहीच ना तिला." आर्डिसने सगळ्यांसमोर वळून सांगितलं, "नाही राहवलं. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन. तुम्ही सगळे त्या रविवारी गप्प होतात. काय झालं त्या गप्प बसण्याने? तुमच्यातला एकजण तरी त्या पक्ष्याला हलवू शकला असता?" पण घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात बसून राहायची. संध्याकाळी पाचला गाईंना हाक मारायची वेळ झाली की ती हाक न मारता खुबा ओढत स्वतः कुरणात जाऊन एकेकीला हाकत आणायची. गाईंना हा काय नवा प्रकार, ते कळेना. बर्फ वितळलं तरी हेच चाललं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी ओर्लिनचा फोन आला. "तुझ्या खालच्या कुरणात, पाणथळ जागेत बघ. मोठे पांढरे. दोन."

ती पोचली तेव्हा तो पिकअपला टेकून दुर्बीण लावून उभा होता. "एकाच्या पायात हिरव्यावर तांबडा पट्टा आहे," तो म्हणाला. "कोण तो?"

"सहा," आर्डिस म्हणाली. पक्षी आता जवळजवळ पूर्ण पांढरा झाला होता, दालचिनी रंगाची दोन-चार पिसं तेवढी मानेवर उरली होती. फ्लोरिडापासून इथपर्यंत, एकही विमान पुढे नसताना, तो स्वतःचा रस्ता स्वतः शोधत आला होता.

"अंगरखा नाहीये तुझ्याकडे," ओर्लिन म्हणाला.

"नकोच आहे. जसा माणूस असतो तशीच जाणार. तो माझ्याकडे चालत आला, तर रसेल म्हणाला ते खरं. मी त्याची वाट लावली."

"नुसतं जाऊन काय कळणार?" ओर्लिन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती. "हाक मार, आर्डिस. त्याला हाकच ठाऊक आहे."

"मला नाही मारायची."

"ते दिसतंय मला."

ती चालत निघाली, उघड्या माळावरून, लाल जाकिटात. शंभर पावलांवर थांबली. दोन्ही पक्ष्यांनी माना वर केल्या. तिने छाती भरून श्वास घेतला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हाक दिली, पूर्ण आवाजात, हातचं काही न राखता.

"कम, बॉ-ओ-ओस!"

सहाने मान वाकडी केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तो तिला ओळखत होता. ती ओळख तिला इतक्या लांबूनही दिसली. एक पाय उचलून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

मग तो वळला, धावला आणि सोबतच्या पक्ष्याला घेऊन उठला. तिच्यापासून होईल तेवढं लांब, उत्तरेच्या दलदलीकडे.

आर्डिस माळावर उभी राहून दोन्ही मुठी वर करून ओरडली, "जा! शाब्बास, जा!" ओर्लिन जवळ आला तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती तो पुसत नव्हती. तिने त्याच्या खिशातून त्याचा फोन काढून घेतला आणि रसेलचा नंबर लावला. तो नंबर तिला पाठ होता. हिवाळाभर रोज तो लावायचा आणि वाजायच्या आत ठेवून द्यायचा, असं तिचं चाललं होतं.

"टॉलेफसन बोलतेय," ती म्हणाली. "कागद घ्या आणि लिहा. सहा परत आला. मी त्याला हाक मारली. त्याने मला ओळखलं, मिस्टर पाइक, चांगलं ओळखलं. आणि ओळखून पळाला."